पाणी ओसरल्यानंतरचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात पावसाळ्यापूर्वी गच्ची, पन्हळी आणि गटारे कशी तपासावीत याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत वाचकांनी पुढचाच प्रश्न विचारला आहे: एवढी काळजी घेऊनही पाणी घरात, दुकानात किंवा तळघरात शिरलेच, तर ते ओसरल्यावर नेमके काय करावे? सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर, चिपळूणचा २०२१ चा पूर, नागपूरची २०२३ ची ती रात्र आणि पुण्यातील २०२४ चा जुलै यांच्या आठवणी या पत्रांत ताज्या आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. जी कामे सावकाश करायची असतात ती आपण घाईने उरकतो आणि जी त्याच दिवशी व्हायला हवीत ती लांबणीवर टाकतो. तळघरातील पाणी उपसणे आणि भिंतींना रंग देणे ही सावकाशीची कामे आहेत. वीज बंद करणे, छायाचित्रे काढणे आणि गाळ बाहेर टाकणे ही तातडीची. हा क्रम उलटा झाल्यामुळे पुराने वाचवलेली घरे नंतर खराब झालेली मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून यावेळी उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळघरातील वाहनतळात सुमारे सात फूट पाणी साचले. कार्यकारिणीने तीन डिझेल पंप लावून एका रात्रीत तळघर कोरडे केले आणि सर्वांनी त्यांचे कौतुकही केले. काही दिवसांनी मागील भिंतीवर आडवी भेग दिसू लागली. या दोन गोष्टींचा संबंध आहे का? पुन्हा असा प्रसंग आल्यास आम्ही काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. तळघरात पाणी भरते तेव्हा भिंतीच्या बाहेरची मातीही पाण्याने तुडुंब झालेली असते. ती माती आणि तिच्यातले पाणी भिंतीला बाहेरून आत रेटत असते, तर तळघरातले पाणी त्याच भिंतीला आतून बाहेर रेटत असते. आपल्याला नकोसे वाटणारे ते आतले पाणी त्या काही दिवसांपुरते भिंतीचा आधार बनलेले असते. सात फूट म्हणजे सुमारे २.१ मीटर उंचीचे पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण २.२ टन इतका आडवा जोर लावते. एका रात्रीत पाणी उपसले की आतला हा जोर नाहीसा होतो, बाहेरचा मात्र तसाच राहतो आणि त्यात ओल्या मातीच्या जोराचीही भर असते. नागपूर परिसरात अनेक ठिकाणी असलेली काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे तो जोर आणखी वाढतो. भिंतीच्या साधारण मध्यावर येणारी आडवी भेग हे बाहेरून आलेल्या अशाच रेट्याचे लक्षण मानले जाते. आरसीसीची, योग्य सळई घातलेली भिंत पुष्कळदा हे सहन करते. विटांची किंवा दगडी भिंत करीलच असे नाही.

यासाठी रीत सोपी आहे. रस्त्यावरचे आणि आवारातले पाणी पूर्ण ओसरेपर्यंत उपसा सुरूच करू नये. मग दोन ते तीन फूट पाणी काढावे, पंप थांबवावा, भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने किंवा तेलखडूने रेघ ओढावी, तिच्याजवळ वेळ लिहावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी रेघेच्या वर आलेले दिसले, तर बाहेरच्या जमिनीतून पाणी अजून आत येत आहे आणि उपसण्याची वेळ आलेली नाही असे समजावे. पातळी रेघेवरच असेल तर पुढचे दोन-तीन फूट काढावे आणि पुन्हा रेघ ओढावी. सात फुटांसाठी तीन दिवस लागले तरी चालतील. सभासद कुरकुर करतील, गाड्या आत अडकलेल्या असतील, तरीही भिंत दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे आणि धोक्यापुढे ते तीन दिवस स्वस्त आहेत.

पंपाइतकीच काळजी विजेची घ्यावी लागते. मीटरचे पॅनेल, लिफ्टचा खड्डा, अग्निशमनाचा पंप आणि जनरेटर हे सारे आपण तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवतो. मेन स्विचपर्यंत पोहोचण्यासाठी पाण्यात उतरावे लागत असेल तर उतरू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बाहेरून बंद करून घ्यावा. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी पुलाची वाडी येथे पाण्यात सामान हलवताना विजेचा धक्का लागून तीन तरुण गेले, हे प्रत्येक सोसायटीने लक्षात ठेवावे. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करणे हे पाणी चढण्यापूर्वीचे काम आहे. ते राहून गेले असेल, तर कंपनीचा तंत्रज्ञ येईपर्यंत लिफ्टला हात लावू नये. पाण्याखाली गेलेले एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारे स्विच, वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, ते बदलावेत. वायरिंगची तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर (तारांचे आवरण शाबूत आहे का हे मोजणारे यंत्र) लावून करावी आणि रीडिंग लेखी घ्यावे. पंखा फिरला म्हणजे वायरिंग ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये.

डिझेल पंपाविषयी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या पत्रात त्याचा ओझरता उल्लेख आहे. इंजिन तळघरात किंवा उताराच्या तोंडाशी ठेवले, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तळघरात साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि खाली काम करणारा बिगारी काही कळण्यापूर्वीच कोसळतो. इंजिन उघड्यावर, इमारतीच्या दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे आणि केवळ पाइप खाली सोडावा. तसेच तळघर भरत असताना गाडी काढण्यासाठी कोणालाही खाली जाऊ देऊ नये. दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी तळघरातील वाचनालयात पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडाले. पाणी तळघरात शिरते ते उतारावरून लोंढ्याने, आणि लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने दार उघडत नाही.

आपल्या भेगेसंबंधी एक घरगुती तपासणी सुचवतो. भेगेला छेदून, तिच्या वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारा, बोटभर रुंद असा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावावा आणि त्यावर तारीख लिहावी. महिना-दोन महिन्यांत पट्टा तडकला तर भेग अजून हलते आहे असे समजून संरचना अभियंत्याला ताबडतोब बोलवावे. न तडकल्यासही एकदा दाखवावी, परंतु झोप उडवून घेण्याचे कारण नाही. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे मे महिन्यात पुन्हा एकदा पाहावे. शक्य झाल्यास मीटरचे पॅनेल वर हलवण्याचा आणि तळघराच्या उताराच्या तोंडाशी उंचवटा करून घेण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आणावा.

प्रश्न : आमचे घर चिपळूण बाजारपेठेच्या मागे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी तळमजल्यावर छतापर्यंत आले. गणपतीपूर्वी रंग देऊन घर पूर्ववत केले, परंतु दरवर्षी पोपडे पडतात, भिंतीला लोणा येतो आणि घरात कुबट वास राहतो. भिंती चिऱ्याच्या आहेत, वरून सिमेंटचा गिलावा आहे. कायमचा उपाय काय? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तर आहे: गणपतीपूर्वी. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर जेमतेम सात आठवड्यांनी आपण भिंती रंगाने बंद केल्या. घरात गणपती यायचा आणि भिंती चिखलाने माखलेल्या, ही अवस्था कोणाही कोकणी माणसाला सहन होणार नाही, हे मी पूर्णपणे समजू शकतो. परंतु आपला चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो, आणि कोकणात सप्टेंबर संपेपर्यंत हवेतच एवढा दमटपणा असतो की भिंतीतले पाणी बाहेर पडायला वावच मिळत नाही. जुन्या गवंड्यांचा ठोकताळा असा की भिंत एका इंच जाडीला एक महिना घेते. तो शब्दशः धरला नाही तरी दीड फुटाच्या चिरेबंदी भिंतीला एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा लागतोच. रंगाचा थर, त्यातही तैलरंग किंवा जलरोधक लेप, हे पाणी आत कोंडतो. ते बाहेर पडण्याची वाट शोधते आणि वाटेत विरघळलेले क्षार पृष्ठभागावर आणून ठेवते. त्यालाच आपण लोणा म्हणतो.

आता पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये, काम हाती घ्यावे. भिंतीवर बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने ठोकत जावे. जिथे बद्द आवाज येईल तिथे गिलावा चिऱ्यापासून सुटलेला आहे, तो पूर्ण खरवडावा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत जिरतात, म्हणून धुऊ नये. चिरा उघडा ठेवून मे महिन्यापर्यंत वाळू द्यावा. भिंत वाळली की नाही हे पाहण्यासाठी एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. आतून दव धरले असेल, तर भिंत अजून ओली आहे. हा तुकडा जोत्याजवळ, मध्यावर आणि वरच्या बाजूला अशा तीन ठिकाणी लावावा, कारण भिंत वरून खाली वाळत येते आणि जोत्याजवळचा भाग सर्वात शेवटी कोरडा होतो. वाळल्यानंतर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच द्यावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आपल्या आजोबांच्या काळातील घरे याच कारणाने पुरानंतरही टिकत असत. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आता शोधावा लागतो, पण रत्नागिरी जिल्ह्यात तो अजून सापडतो.

कुबट वास बुरशीचा आहे. ओल्या वस्तूवर बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, म्हणून पूर ओसरल्यावर गाद्या, उशा, फोम असलेले सोफे आणि फुगलेले प्लायवूड घराबाहेर काढण्यात माया आड येऊ देऊ नये. सागवानी लाकूड मात्र टाकू नये. गाळ धुऊन ते सावलीत, खाली विटा लावून, हळूहळू वाळवावे. उन्हात ठेवले तर फळ्या पिळवटतात. आपल्या घरी त्या वेळचे प्लायवूडचे कपाट अजून भिंतीला टेकून उभे असेल, तर प्रथम त्याच्या पाठीमागे बॅटरी लावून पाहावे. मला अनेक घरांत वासाचा उगम तिथेच सापडला आहे. घर वाळवताना आणखी एक चूक होते: पाऊस कोसळत असताना सर्व खिडक्या उघड्या ठेवल्या जातात. त्या वेळी बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी नसते. पाऊस थांबून ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि पंखे लावावेत. मुसळधार सरी सुरू असताना खिडक्या लावून पंखे चालवावेत.

आपण त्या पुरातील गाळाविषयी लिहिलेले नाही, पण नव्याने पूर पाहणाऱ्यांसाठी सांगतो. गाळ ओला असतानाच फावड्या-घमेल्याने काढावा. तो वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो आणि त्याची धूळ श्वासात जाते. आधी गाळ, मग साबणाचे पाणी आणि सर्वांत शेवटी ब्लीचिंग पावडर हा क्रम ठेवावा, कारण चिखलावर टाकलेली पावडर चिखलातच संपते. फरशीसाठी एक लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम पावडर पुरते. ती अ‍ॅसिडमध्ये किंवा संडास धुण्याच्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

प्रश्न : कृष्णाकाठच्या आमच्या गावात २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी घरात पाणी आले. घर माती-दगडाचे आहे. पाणी उतरल्यावर किती दिवसांनी आत राहायला जावे? विहिरीचे पाणी कसे शुद्ध करावे? आणि पंचनाम्यात नुकसान कमी लिहिले जाऊ नये म्हणून काय करावे? (एक शेतकरी, मिरज तालुका)

उत्तर : सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. आपल्याकडचा पूर चिपळूणप्रमाणे एका दिवसात येऊन जात नाही, तो कित्येक दिवस घरात बसून राहतो. मातीच्या भिंतीला हेच सर्वात वाईट असते. भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी उतरल्यावर, पुष्कळदा पहिले कडक ऊन पडल्यावर, कोसळते, कारण बुडातली माती लोण्यासारखी झालेली असते आणि वरचा भार तसाच असतो. म्हणून दिवस मोजण्याऐवजी भिंत पाहावी. गवंड्याचा ओळंबा वरून सोडावा. दहा फुटांत भिंत एक इंचाहून अधिक कललेली असेल, पोट काढून फुगलेली असेल किंवा बुडाशी माती निखळून दगड उघडे पडले असतील, तर त्या खोलीत कोणी झोपू नये. तुळयांना खालून टेकू द्यावेत आणि छपराचा भार भिंतीवरून काढावा. भिंतीवर जोराच्या धारेने पाणी मारून गाळ धुऊ नये, तो खराट्याने हलकेच झाडावा. घरात पाऊल टाकण्यापूर्वी काठीने कोपरे, चुलीची जागा आणि धान्याची पोती हलवून पाहावीत, कारण पुरात सापही आसरा शोधत घरात येतात.

विहिरीसंबंधी पहिली गोष्ट तीच, जी मी नागपूरच्या वाचकांना लिहिली आहे: सभोवतालची जमीन भिजलेली असताना विहीर एकदम उपसू नये, बांधकाम नसलेल्या कडा आत ढासळतात. गाळ दोन-तीन टप्प्यांत काढावा. मग विहिरीतील पाणी मोजावे. व्यास चार मीटर आणि पाणी पाच मीटर असेल तर सुमारे ६३ हजार लिटर पाणी भरते. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या प्रमाणाने तिला सुमारे १६० ग्रॅम लागेल, परंतु पुराच्या पाण्यातील घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे हे प्रमाण किमान समजावे. पावडर कोरडी टाकू नये. बादलीत पाण्यात कालवावी, चुनकळी तळाशी बसू द्यावी आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे. एक तासाने ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडून पाण्यातला क्लोरीन दाखवणारी ओटी चाचणी करून घ्यावी. पिवळा रंग येऊन क्लोरीन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम दिसला तर पाणी योग्य, अन्यथा पुन्हा मात्रा द्यावी. खात्री होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळावे किंवा वीस लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक गोळी याप्रमाणे क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात.

पंचनाम्यासाठी घर झाडण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. भिंतीवर पाण्याची रेघ दिसत असते, तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्यावा. दोन दिवसांनी ती रेघ पुसट होते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीसाठी ६,५०० रुपये आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये होते, आणि त्यासाठी किमान १५ टक्के नुकसान ही अट होती. प्रत्यक्षात किती मिळणार हे त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरते. तरीही या अटीमुळे ‘भिंतीस तडे’ एवढे लिहून घेण्याऐवजी किती भिंतींपैकी किती, किती फूट लांबीची, हे नोंदवून घेणे आपल्या हिताचे आहे. तलाठ्यांसमोर, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्यासमोर, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये आणि त्याची प्रत मागून घ्यावी. रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्य. परंतु पंचनामा नसेल तर पुढच्या कोणत्याही मदतीचे दारच उघडत नाही.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत पाणी शिरले. भूमिगत टाकीत गढूळ पाणी गेले, तळमजल्याच्या संडासातून घाण उलटी आली आणि माझी गाडी बुडाली. विमा कंपनीने गाडीच्या इंजिनाचा दावा नाकारला. (एक वाचक, पुणे)

उत्तर : भूमिगत टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊनच पुन्हा भरावी. सभोवतालच्या जमिनीत पाणी वर आलेले असताना रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाऊ शकते, म्हणून येथेही जमिनीतले पाणी खाली जाण्याची वाट पाहावी. शौचालयाच्या टाकीचेही तसेच. घाण उलटी येऊ नये म्हणून तळमजल्याच्या मुख्य वाहिनीवर प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. तातडीच्या वेळी संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी घट्ट बसवली तरी काही काळ निभावते. जे कोणी त्या पाण्यातून चालले असतील, विशेषतः पायाला जखम असताना, त्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने घेतलेले बळी आपण विसरता कामा नये. नंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली दिसली तर पुरातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गाडीसंबंधी आपल्याला पटणार नाही, पण कंपनीचे म्हणणे बहुधा पॉलिसीच्या शर्तींवर आधारलेले असावे. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते; मात्र बुडालेली गाडी चालू करून पाहिल्यामुळे इंजिनात पाणी जाऊन ते अडकले, तर ते पुराचे नव्हे तर नंतरच्या कृतीचे नुकसान मानले जाते आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. बुडालेल्या गाडीला चावी लावू नये, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि गाडी ओढूनच न्यावी. विजेवर चालणारी गाडी असेल तर ती इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवून सेवा केंद्राला कळवावे. आपण गाडी चालू केली नव्हती आणि तसे छायाचित्र किंवा टो करणाऱ्याची पावती आपल्याजवळ असेल, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये पुण्यात आणि मुंबईत आहेत, तेथे शुल्क लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते, ती आपल्या बाबतीत उरली आहे का हे आधी तपासावे.

घराच्या विम्याविषयी इतर वाचकांनीही विचारले आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या शर्तींची पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्यात पूर येतो आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामानही येते. सोसायटीने इमारतीचा विमा काढला म्हणजे आपल्या घरातील सामान सुरक्षित झाले असे नव्हे, ही गफलत फार जणांची होते. सर्वेक्षक येण्यापूर्वी खराब सामान फेकावे लागले, तर प्लायवूडचा एक तुकडा कापून ठेवावा आणि फ्रिज, धुलाई यंत्र यांच्या मागील क्रमांकाच्या पट्टीचा फोटो घ्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या पावसात आमचे सजवलेले बेसमेंट चार फूट पाण्यात गेले. घरमालकाच्या विम्यातून काहीच मिळाले नाही. आई-वडील भारतातून आले की तिथेच राहतात, म्हणून पुन्हा ते नीट करायचे आहे. (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : तेथील घरमालकाच्या नेहमीच्या विम्यात पूर वगळलेला असतो. त्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पूरविमा कार्यक्रमाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणून वादळाची बातमी आल्यावर ती काढून उपयोग नसतो. याही पॉलिसीत बेसमेंटसाठी मर्यादित संरक्षण आहे. हीटर, पाणी तापवण्याची टाकी, विजेचे पॅनेल, सम्प पंप (बेसमेंटमधील खड्ड्यात साचणारे पाणी बाहेर फेकणारा पंप) यांसारख्या गोष्टी तिच्यात येतात. गालिचा, सोफा, टीव्ही आणि सजवलेली फरशी येत नाही. गटाराचे पाणी उलटे आल्यास किंवा सम्प पंप बंद पडल्यास मिळणारे संरक्षण हे घरमालकाच्या विम्याला जोडायचे आणखी वेगळे कलम आहे. आपली पॉलिसी काढून ही तीन कलमे एकेक करून तपासावीत.

दुरुस्तीत ड्रायवॉल, म्हणजे भिंतीला आतून लावलेले जिप्समचे तक्ते, पाण्याच्या रेघेच्या किमान एक फूट वरपर्यंत कापून काढावी, कारण ती पाणी शोषून वर चढवते, आणि तिच्या मागील इन्सुलेशन टाकून द्यावे. आतील लाकडी चौकट पूर्ण वाळल्यावरच नवी ड्रायवॉल लावावी. खाली गालिच्याऐवजी टाइल घ्यावी, सॉकेट वर उचलावेत आणि सम्प पंपाला बॅटरीचा पर्याय जोडावा, कारण वादळात सर्वप्रथम वीजच जाते. आता एक गोष्ट कळकळीने लिहितो. त्या रात्री न्यू यॉर्क शहरात जे मृत्युमुखी पडले त्यांपैकी बहुतेक जण तळघरातील घरांत राहत होते. वयस्कर आई-वडिलांची झोपण्याची व्यवस्था बेसमेंटमध्ये करू नये. करावीच लागत असेल, तर थेट बाहेर निघता येईल अशी रुंद खिडकी किंवा दार असल्याशिवाय नको, आणि मोठ्या पावसाचा इशारा असेल त्या रात्री त्यांना वर झोपवावे.

प्रश्न : खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका आणि लग्नाचे फोटो भिजले आहेत. वाचतील का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : पुष्कळसे वाचतील. कागद एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढून वेगळे करू नयेत आणि इस्त्री तर मुळीच करू नये. गाळ स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुऊन कागद जुन्या सुती कापडावर किंवा छपाई नसलेल्या कागदावर पंख्याखाली सावलीत पसरावेत. एवढे सारे दोन दिवसांत वाळवणे शक्य नसेल, तर थोडे थोडे गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या चालू फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत. तेथे बुरशी धरत नाही, आणि मग सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवता येतो. फोटो मात्र वाळण्यापूर्वीच अल्बममधून सोडवावेत. प्लास्टिकला चिकटून वाळले की ते सुटत नाहीत. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून आणि सातबारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून मिळतो, म्हणून वेळ कमी असेल तर आधी लग्नाचे फोटो हाती घ्यावेत.